निवडणुकीची अमान्यता

एखाद्या देशात किंवा राज्यात झालेली निवडणूक ही तेथील जनतेच्या इच्छेची खरी अभिव्यक्ती नाही, असे मानून ती निवडणूक, तिचा निकाल अथवा तीतून निर्माण झालेली सत्ता यांना मान्यता देण्याचे नाकारणे. असा नकार परकीय शासन, आंतरराष्ट्रीय संघटना किंवा खुद्द त्या प्रदेशातील प्रजा यांपैकी कोणीही देऊ शकते. शेजारच्या हुकूमशाही वा एकतंत्री राजवटीच्या बाबतीत हा प्रश्न विशेष अवघड होतो. कारण दूरच्या राष्ट्राला नुसता निषेध करून भागविता येते, परंतु शेजाऱ्याला सीमा, व्यापार, पाणी व निर्वासित यांसंबंधी त्याच राजवटीशी रोजचा व्यवहार करावा लागतो.

मान्यतेच्या तीन कल्पनांत येथे फरक करणे आवश्यक आहे. राज्याला मान्यता, शासनाला मान्यता आणि निवडणुकीला मान्यता या तिन्ही गोष्टी एकच नव्हेत. पहिल्या दोन आंतरराष्ट्रीय विधीच्या प्रस्थापित संज्ञा होत. तिसरी मुख्यतः राजकीय स्वरूपाची आहे. निवडणूक खोटी ठरवूनही तीतून आलेल्या शासनाशी करार करणे, त्याचा राजदूत ठेवून घेणे हे विधिदृष्ट्या शक्य असते आणि व्यवहारात बहुधा तसेच घडते. अमान्यतेची कारणेही दोन प्रकारची असतात. मतदारयाद्या, उमेदवारी, प्रचार वा मोजणी यांत मूलगामी दोष असणे हे एक कारण. निवडणूक घेणाऱ्या सत्तेचा त्या प्रदेशावर मुळात अधिकारच नसणे, हे दुसरे. दुसऱ्या प्रकारात मतदान कितीही चोख झाले, तरी आक्षेप कायम राहतो. पाकव्याप्त काश्मीर व गिलगिट-बाल्टिस्तान येथे पाकिस्तानने घेतलेल्या निवडणुकांना (उदा., २०१५, २०२० व २०२१) भारताने घेतलेली हरकत या दुसऱ्या प्रकारची आहे.

विधिशास्त्रात या विषयावर दोन परस्परविरोधी मते विसाव्या शतकाच्या आरंभीच पुढे आली. एक्वादोरचे परराष्ट्रमंत्री कार्लोस तोबार यांनी १९०७ मध्ये असे प्रतिपादन केले की, संविधानबाह्य मार्गाने आलेल्या शासनाला लोकांनी मुक्तपणे संमती देईपर्यंत इतर राष्ट्रांनी मान्यता देऊ नये. याउलट मेक्सिकोचे परराष्ट्रमंत्री हेनारो एस्त्रादा यांनी १९३० मध्ये, परकीय शासनाच्या वैधतेविषयी निवाडा देणे हाच अंतर्गत कारभारातील हस्तक्षेप होय, असे मत मांडले. लॅटिन अमेरिकेला उत्तरेकडील बलाढ्य शेजाऱ्याचा जो अनुभव आला होता, त्याची पार्श्वभूमी या मताला आहे. स्वातंत्र्योत्तर काळात भारताची प्रथा सामान्यतः एस्त्रादा मताच्या जवळची राहिली. ग्रेट ब्रिटननेही १९८० मध्ये शासनांना औपचारिक मान्यता देण्याची पद्धत सोडून दिली.

महाराष्ट्रातील अनुभव : एकाच भूभागात निवडणुकीचे किती भिन्न अर्थ असू शकतात, हे पाहण्यास सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुक्याचे १९४० च्या सुमाराचे उदाहरण उपयुक्त आहे. सांगोला हा ब्रिटिश मुंबई प्रांतातील तालुका होता. पण त्याच्या सभोवार संस्थानी मुलूख पसरलेला होता. पश्चिमेस औंध संस्थानाचा आटपाडी तालुका, दक्षिणेस जत संस्थान आणि पूर्वेस सांगली संस्थानाचा मंगळवेढे तालुका अशी ही रचना होती. सांगोल्यातील मतदाराला १९३५ च्या कायद्यानुसार मुंबई विधानसभेसाठी मत देता येई. हा मताधिकार मालमत्ता, शिक्षण इ. अटींनी मर्यादित होता. तथापि त्या मतातून १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे जबाबदार मंत्रिमंडळ अधिकारावर आले. शेजारच्या आटपाडीत याहून पुढचा प्रयोग झाला. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रीडमन व अप्पासाहेब पंत यांच्या साहाय्याने जानेवारी १९३९ मध्ये संस्थानाला नवे संविधान दिले. ग्रामपंचायत, तालुका समिती व विधिमंडळ अशी त्याची चढती रचना असून खरी सत्ता खेड्यात ठेवली होती. संस्थान अवघ्या ७२ गावांचे होते, म्हणून हा प्रयोग शक्य झाला असे म्हटले जाते. ते अंशतः खरे असले, तरी तेवढीच किंवा त्याहून लहान संस्थाने दक्षिण महाराष्ट्रात इतरही होती आणि त्यांच्या अधिपतींना ही बुद्धी झाली नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

सांगोल्यापासून पूर्वेस सु. ८० किमी. वर सोलापूर आणि त्यापलीकडे काही कोसांवर निजामाची हद्द लागे. तेथे चित्र अगदी उलट होते. हैदराबाद हे देशातील सर्वांत मोठ्या संस्थानांपैकी एक. १९४१ मध्ये त्याची लोकसंख्या १ कोटी ६० लाखांवर होती आणि मराठवाड्याचे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे जिल्हे त्यात मोडत. मीर उस्मान अली खान (कार. १९११–४८) याच्या राज्यात १८९३ पासून कायदेमंडळ होते, पण ते सल्लागार स्वरूपाचे. जाहीर सभेसाठी सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक करणारी ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने ओळखली जाणारी आज्ञा १९२९ पासून लागू होती. प्रांतांतील १९३७ च्या निवडणुकांनंतर संस्थानातही हालचाल सुरू झाली. त्याच वर्षी परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले आणि निजाम सरकारने सप्टेंबरमध्ये दिवाण बहादूर अरवमुदु अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली राजकीय सुधारणा समिती नेमली. परंतु पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी घालण्यात आली (सप्टेंबर १९३८). ऑक्टोबरपासून झालेला सत्याग्रह गांधींच्या सल्ल्यावरून डिसेंबर १९३८ मध्ये स्थगित झाला. बंदी मात्र जुलै १९४६ पर्यंत उठली नाही.

अय्यंगार समितीच्या अहवालावर आधारलेल्या सुधारणा जुलै १९३९ मध्ये जाहीर झाल्या. त्यांनुसार ८५ सभासदांच्या विधिमंडळात ४२ सभासद निवडून यावयाचे होते. म्हणजे निवडलेले सभासद एकदिलाने उभे राहिले, तरी ते अल्पमतातच राहणार होते. प्रतिनिधित्व प्रदेशावर आधारलेले नव्हते. जहागीरदार, पट्टेदार, कुळे, व्यापारी, सावकार, वकील, डॉक्टर, पदवीधर, कामगार अशा हितसंबंधी वर्गांचे मतदारसंघ केलेले होते. त्यातही हिंदू व मुस्लिम यांना निवडलेल्या जागांत समसमान वाटा होता. वास्तविक लोकसंख्येत मुस्लिमांचे प्रमाण सु. १३ टक्के होते. सैन्य, राजघराणे आणि ब्रिटिश सत्तेशी असलेले संबंध हे विषय विधिमंडळाच्या कक्षेबाहेर ठेवलेले होते. कार्यकारी मंडळ विधिमंडळास जबाबदार नव्हते आणि अखेरचा शब्द निजामाचाच होता. या योजनेच्या समर्थकांचा युक्तिवाद असा की, संख्येवर आधारलेली लोकशाही हैदराबादच्या विशिष्ट परिस्थितीला मानवणार नाही व हितसंबंधांचे प्रतिनिधित्व धर्मभेदाची धार बोथट करील. हा युक्तिवाद सर्वस्वी पोकळ होता असे नाही. हितसंबंधी प्रतिनिधित्वाला त्या काळात युरोपातही पुरस्कर्ते होते. परंतु ज्या योजनेत वर्गही सरकारने ठरवावयाचे, प्रमाणही सरकारने ठरवावयाचे आणि उरलेल्या जागा सरकारनेच भरावयाच्या, तिला प्रतिनिधित्व म्हणणे कठीण होते.

महायुद्धामुळे या सुधारणांची अंमलबजावणी लांबली व निवडणुकीची वेळ १९४६ मध्ये आली. तोपर्यंत परिस्थिती पालटली होती. ब्रिटिश प्रांतांत नवी मंत्रिमंडळे अधिकारावर आली होती, दिल्लीत अंतरिम सरकार येऊ घातले होते आणि तेलंगणात जमीनदारांविरुद्ध शेतकऱ्यांचा लढा पेटला होता. बंदी उठलेल्या स्टेट काँग्रेससमोर प्रश्न उभा राहिला : मिळते ते विधिमंडळ हाती घेऊन आतून लढावे की निवडणूकच अमान्य करावी? संघटनेत दोन प्रवाह होते. बूर्गुल रामकृष्णराव यांच्यासारखे नेमस्त वाटाघाटीचा मार्ग शक्य तोवर खुला ठेवू पाहत. सिंदगीत जन्मलेले, सोलापुरात शिकलेले व पुढे हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे राष्ट्रीय शिक्षणाचे कार्य केलेले स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांचा गट पूर्ण जबाबदार राज्यपद्धतीपेक्षा कमी काही स्वीकारावयास तयार नव्हता. अखेर निवडणुकीवर बहिष्कार टाकण्यात आला.

या बहिष्काराचे मोल दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. विधिमंडळाला प्रातिनिधिक म्हणण्याचा निजामाचा दावा त्यामुळे कायमचा लंगडा झाला. पुढील दोन वर्षांत भारत सरकारशी झालेल्या वाटाघाटींत त्या विधिमंडळाचा आधार निजामाला फारसा घेता आला नाही. परंतु सभागृहातील जागा रिकाम्या राहिल्या नाहीत. त्या सरकारधार्जिण्या व्यक्तींकडे आणि इत्तेहाद-उल्-मुस्लिमीन या संघटनेकडे गेल्या. या संघटनेचे नेतृत्व १९४६ च्या अखेरीस लातूरचे वकील कासिम रझवी यांच्याकडे आले व तिचा निजामावरील दाब वाढत गेला. बहिष्कार टाकणाऱ्याला सभागृहाबाहेर दुसरे व्यासपीठ उभे करावे लागते, अन्यथा त्याचा नकार केवळ अनुपस्थिती ठरतो. स्टेट काँग्रेसने ते व्यासपीठ जून १९४७ च्या मुशीराबाद अधिवेशनात आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजी पाळलेल्या भारतीय संघराज्यात सामील होण्याच्या दिनात उभे केले. स्वामीजींना १५ ऑगस्ट रोजी अटक झाली.

यानंतर सोलापूर जिल्हा या लढ्याची पिछाडी बनला. दिगंबरराव बिंदू यांच्या नेतृत्वाखालील कृती समितीचे कार्य संस्थानाबाहेरून चाले. सोलापूर, बार्शी, मनमाड, उमरखेड इ. ठिकाणी कार्यकर्त्यांची केंद्रे होती आणि रझाकारांच्या अत्याचारांमुळे हद्दीलगतच्या गावांतील कुटुंबे ब्रिटिश अमदानी नुकतीच संपलेल्या मुलखात आश्रयाला येत होती. सोलापूरच्या बाजारपेठेला उस्मानाबाद व गुलबर्गा भागातून येणारा माल आणि गिऱ्हाईक या काळात तुटले. शेजारच्या राजवटीला नाकारण्याची किंमत शेजाऱ्यालाही द्यावी लागते, ती अशी.

भारत सरकारचे वर्तन या संदर्भात लक्षणीय आहे. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी त्याने निजामाशी एका वर्षाचा ‘जैसे थे’ करार केला. म्हणजे प्रत्यक्ष सत्ताधारी म्हणून त्याच्याशी व्यवहार केला. त्याच वेळी त्याची राज्यव्यवस्था प्रजेची प्रतिनिधी आहे, हे मात्र कधी कबूल केले नाही. जबाबदार राज्यपद्धती व नवी संविधान सभा ही मागणी जून १९४८ च्या अखेरच्या मसुद्यातही कायम होती आणि निजामाने तो मसुदा नाकारला. मीर लायक अली यांच्या मंत्रिमंडळात हिंदू व दलित मंत्री घेऊन ते सर्वसमावेशक असल्याचे दाखविण्याचा प्रयत्न झाला. दलितांपैकी बी. एस. व्यंकटराव यांचा गट सरकारबरोबर गेला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मात्र नोव्हेंबर १९४७ मध्ये पत्रक काढून अनुसूचित जातींनी निजामाची बाजू घेऊ नये, असे बजावले.

पुढे १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत लष्करी कारवाई झाली. तिची मुख्य चढाई मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली सोलापूरहून नळदुर्गाच्या दिशेने निघाली. कारवाईनंतर उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांत मुस्लिम वस्तीवर सूडाचे भीषण हल्ले झाले. त्यांची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा आकडा २७ ते ४० हजारांच्या दरम्यान धरला होता. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात या भागाला पुष्कळदा एखाद्याच ओळीची जागा मिळते, हे उचित नव्हे. सर्व प्रौढांना मताधिकार असलेली पहिली निवडणूक हैदराबादेत १९५२ मध्ये झाली. १७५ जागांपैकी ९३ जागा काँग्रेसला मिळाल्या व ६ मार्च १९५२ रोजी बूर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. या सभागृहाच्या प्रातिनिधिकतेविषयी कोणी प्रश्न उपस्थित केला नाही. विरोधी बाकांवर कालपर्यंत भूमिगत असलेल्या डाव्यांचे प्रतिनिधीही बसले होते.

गोव्याचे प्रकरण दुसऱ्या धर्तीचे आहे. पोर्तुगालमध्ये १९३३ च्या संविधानानंतर सालाझार यांची एकपक्षीय राजवट दृढ झाली. राष्ट्रीय सभेच्या निवडणुका ठराविक काळाने होत; परंतु त्यांत ‘उनियांव नासियोनाल’ या सरकारी संघटनेचीच यादी निवडून येई. ‘एश्तादु द इंडिया’चे, म्हणजे गोवा, दमण व दीव यांचे, प्रतिनिधी लिस्बनच्या सभेत बसत. वसाहतींवर टीका होऊ लागल्यावर १९५१ मध्ये संविधानात दुरुस्ती करून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हटले गेले आणि जे प्रांत आहेत व ज्यांचे प्रतिनिधी संसदेत आहेत त्यांच्या मुक्तीचा प्रश्नच कोठे येतो, असा सवाल पोर्तुगाल करू लागला. भारताने व गोव्यातील राष्ट्रवाद्यांनी हे प्रतिनिधित्व मानले नाही. सभास्वातंत्र्य नाही, पक्ष काढता येत नाही, जाहीर भाषणाबद्दल १९४६ पासून माणसे पोर्तुगालमधील तुरुंगात पाठविली जातात, अशा ठिकाणच्या मतपेटीला अर्थ कोणता, हा त्यांचा प्रश्न होता. खुद्द पोर्तुगालमध्ये १९५८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत जनरल उंबेर्तु देल्गादु यांनी सरकारी उमेदवाराला आव्हान दिले, तेव्हा निकालाविषयी व्यापक संशय निर्माण झाला. त्यावर राजवटीने योजिलेला उपाय म्हणजे पुढील वर्षी अध्यक्षाची प्रत्यक्ष निवडणूकच बंद करणे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १५ डिसेंबर १९६० च्या १५४२ क्रमांकाच्या ठरावाने गोव्यासह सर्व पोर्तुगीज प्रदेश स्वयंशासित नसल्याचे जाहीर केले. अशा रीतीने ‘प्रांत’ व ‘प्रतिनिधी’ हे दोन्ही शब्द आंतरराष्ट्रीय पातळीवर अमान्य झाले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. पोर्तुगालने हे विलीनीकरण मान्य केले ते त्या देशातील हुकूमशाही कोसळल्यावर, १९७४ च्या अखेरीस.

अमान्यतेचे शस्त्र भारताविरुद्धही वापरले गेले आहे. जुनागढमध्ये फेब्रुवारी १९४८ मध्ये भारताने घेतलेल्या सार्वमतात पाकिस्तानच्या बाजूने अवघी ९१ मते पडली. प्रदेशावर आपला हक्क सांगून पाकिस्तानने ते सार्वमत मानले नाही.

निकाल मान्य न करणारी सत्ता हीच निवडणूक घेणारी असेल, तर शेजाऱ्यापुढे वेगळाच पेच पडतो. डिसेंबर १९७० मध्ये पाकिस्तानात लष्करी राजवटीनेच घेतलेल्या निवडणुकीत अवामी लीगला पूर्व बंगालमधील १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जागा मिळाल्या व राष्ट्रीय सभेत बहुमत लाभले. हे बहुमत नाकारून २५ मार्च १९७१ च्या रात्री लष्कर जनतेवर सोडण्यात आले. त्यानंतर अवामी लीगच्या अनेक सभासदांच्या जागा रिकाम्या ठरवून तेथे पोटनिवडणुका योजिल्या गेल्या व त्यांतील बऱ्याच ‘बिनविरोध’ उरकल्या गेल्या. भारतीय संसदेने ३१ मार्च रोजीच पूर्व बंगालच्या जनतेला पाठिंबा देणारा ठराव केला होता. अशा पोटनिवडणुकांना त्याच्या दृष्टीने काही किंमत नव्हती. येथे अमान्यतेचा पाया नकारात्मक नव्हता, तर आधीच्या खऱ्या निवडणुकीचा निकाल हाच तिचा पाया होता. ६ डिसेंबर १९७१ रोजी भारताने बांगला देशास मान्यता दिली.

इतरत्र : सामुदायिक अमान्यतेची ठळक उदाहरणे दक्षिण आफ्रिका खंडातील आहेत. नामिबियात दक्षिण आफ्रिकेने एकतर्फी घेतलेली डिसेंबर १९७८ ची निवडणूक सुरक्षा परिषदेने आधीच, ठराव क्र. ४३९ अन्वये, निरर्थक ठरविली. ऱ्होडेशियातील एप्रिल १९७९ ची निवडणूक ठराव क्र. ४४८ अन्वये रद्दबातल मानली गेली. या निवडणुकीतून बिशप अबेल मुझोरेवा हे कृष्णवर्णीय पंतप्रधान झाले होते. तरी शेजारच्या झँबिया, मोझँबीक इ. राष्ट्रांनी आपल्या रेल्वेमार्गांचे व व्यापाराचे नुकसान सोसून तिला मान्यता दिली नाही. लँकेस्टर हाऊस करारानंतर १९८० मध्ये नवी निवडणूक झाली आणि झिंबाब्वे स्वतंत्र झाला. येथे नकार फळाला आला, कारण त्याच्या जोडीला सशस्त्र लढा, आर्थिक निर्बंध व वाटाघाटीचे खुले दार हे तिन्ही होते. बेलारूसमध्ये ऑगस्ट २०२० च्या निवडणुकीत अलिक्सांद्र लुकाशेंको यांना सु. ८० टक्के मते मिळाल्याचे घोषित झाले; यूरोपीय संघाने व शेजारच्या लिथ्युएनिया, पोलंड इ. देशांनी हा निकाल मानला नाही आणि विरोधी उमेदवार स्वेतलाना तिखानोव्हस्काया यांना लिथ्युएनियात आश्रय मिळाला. लुकाशेंको मात्र सत्तेवर राहिले व रशियावरील त्यांचे अवलंबन वाढले.

भारताच्या पूर्व सीमेवरील ब्रह्मदेशाचे (म्यानमार) प्रकरण या सर्वांत अधिक बोधक आहे. मे १९९० च्या निवडणुकीत आंग सान स्यू ची यांच्या पक्षाला सु. ८० टक्के जागा मिळाल्या आणि लष्कराने सत्ता सोडली नाही. भारताने आरंभी लोकशाहीवाद्यांची उघड बाजू घेतली व स्यू ची यांना १९९३ चा जवाहरलाल नेहरू पुरस्कार जाहीर केला. त्याच सुमारास ईशान्येकडील बंडखोरांचे तळ, सीमेवरील व्यापार आणि चीनचा वाढता प्रभाव यांमुळे लष्करी राजवटीशी संबंध सुधारण्याचे धोरणही सुरू झाले. पुरस्कार प्रत्यक्ष दिला गेला, त्या १९९५ साली भारतीय सेना सीमेवर बंडखोरांविरुद्ध कारवाई करीत होती आणि पुरस्काराच्या वृत्ताने ब्रह्मी लष्कराचे सहकार्य आटले, असे सांगितले जाते. नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीचा निकाल नाकारून १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता घेतली, तेव्हा दिल्लीने चिंता व्यक्त केली, पण संबंध तोडले नाहीत. सीमेलगतच्या मिझोराम राज्याने मात्र पलीकडून आलेल्या हजारो आप्तबांधव चिन लोकांना, केंद्राच्या सूचना वेगळ्या असतानाही, आश्रय दिला. संयुक्त राष्ट्रांतील म्यानमारचे आसन लष्कराने नेमलेल्या प्रतिनिधीला न देता आधीचे राजदूत क्याव मो तुन यांच्याकडेच ठेवण्यात आले. अधिकारपत्र समितीने निर्णय वारंवार पुढे ढकलल्यामुळे हे घडले. म्हणजे मान्यता कोणालाही न देता ती नाकारण्याचा हा आणखी एक मार्ग होय.